गीता चिंतन : "माझं तर सगळं नीट चाललंय"



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३६ ते ४१.

नेहमीप्रमाणे आधी मूळ श्लोक दोनदा शांतपणे वाचून घ्या, मग इकडे या. आजचं चिंतन रोजच्यापेक्षा लांब आहे. आणि खरं सांगायचं तर गेले दीड वर्ष मी हे श्लोक आले की अर्थ लिहून पुढे सरकतोय. आज सरकायचं नाही असं ठरवलंय.

अर्जुनाचा प्रश्न बघा. दुष्ट माणूस पाप का करतो, असं तो विचारत नाहीये. तो विचारतो, ज्याला करायचं नाहीये तोसुद्धा कोणीतरी मानगूट धरून ओढत न्यावं तसं नको ते का करतो? हे करवून घेणारा आहे तरी कोण? भगवंत उत्तर देतात : काम आणि क्रोध. रजोगुणातून जन्मलेले, कितीही घातलं तरी पोट न भरणारे. आणि मग या शत्रूचा पत्ता सांगतात. तो राहतो कुठे? इंद्रियांत, मनात आणि बुद्धीत.

इंद्रियांत राहतो हे पटतं. मनात राहतो हेही पटतं. पण बुद्धीत? ज्या बुद्धीने आपण त्याला ओळखायचं, तिथेच तो घर करून बसलेला? मी कितीतरी वर्षं या एका शब्दावरून नजर फिरवून पुढे गेलो. कारण त्या काळात माझ्या बुद्धीत कोण राहत होतं, ते मला माहीत होतं.

तर सांगतो. मी चार वर्षं रोज रात्री दारू पीत होतो. एक क्वार्टर, शुक्रवार-शनिवारी त्याहून जास्त. आणि त्याच चार वर्षांत मला दोन प्रमोशन मिळाली, फ्लॅटचा एकही हप्ता चुकला नाही, सकाळी साडेनऊच्या स्टँड-अपला मी कधी उशिरा गेलो नाही. आणि हो, याच काळात रोज पहाटे गीतेचा एक श्लोकही वाचत होतो. हे रोजचं चिंतन लिहायला सुरुवात केली तीही त्याच दिवसांत. "दादा, नोकरी सांभाळून एवढी साधना कशी जमते?" असे तुमचे मेसेज यायचे. मी हात जोडलेला इमोजी पाठवायचो.

अशा माणसाला इंग्रजीत एक छान नाव आहे. हाय-फंक्शनिंग. म्हणजे पितो, पण सगळं चालू आहे. आमच्या आयटीतल्या पोरांना हा शब्द फार आवडतो, कारण त्यात शिवी कमी आणि शाबासकी जास्त आहे. आज मला एवढंच म्हणायचंय की हा माणूस अस्तित्वात नसतो. "सगळं चालू आहे" ही साक्ष जो देतो, तो साक्षीदार फितूर झालेला असतो. आणि खरोखर जे काही चालू असतं, ते दुसरंच कोणीतरी चालवत असतं.

आधी फितूर साक्षीदाराबद्दल.

तुमच्यातले बरेच जण माझ्याच धंद्यातले आहेत, तुम्हाला हे लगेच कळेल. सर्व्हर जिवंत आहे का हे बघायला आपण हेल्थ चेक लावतो. दर मिनिटाला विचारायचं, "आहेस का?" तो म्हणतो, "आहे." डॅशबोर्ड हिरवा. पण आपण सगळ्यांनीच ती रात्र पाहिलीय, जेव्हा डॅशबोर्ड हिरवागार असतो आणि आत डिस्क भरत आलेली असते, लॉगमध्ये चुकांची रांग लागलेली असते. हेल्थ चेकने खोटं सांगितलेलं नसतं. आपण त्याला प्रश्नच असा विचारलेला असतो की उत्तर "आहे" हेच येणार. माझा प्रश्न होता, "ऑफिसला गेलास का?" रोज उत्तर यायचं, "गेलो." डॅशबोर्ड हिरवा.

दारूचा त्रास ओळखायला डॉक्टर लोक एक जुनी चार प्रश्नांची चाचणी वापरतात. जॉन युइंग नावाच्या डॉक्टरांनी ती १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. कमी करायला हवी असं तुम्हाला कधी वाटलंय का? कोणी टोकलं तर चिडचिड झालीय का? पिण्याबद्दल अपराधी वाटलंय का? सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागलीय का? दोन उत्तरं "हो" आली तर गंभीरपणे बघायचं. माझी तीन आली. पण लक्षात घ्या, या चारांमध्ये "नोकरी आहे का", "पगार किती" असा एकही प्रश्न नाही.

क्वार्टरचा हिशोबही मी कधी केला नव्हता, इंजिनिअर असून. १८० मिलि व्हिस्की, ४२.८ टक्के. गुणाकार करा, शुद्ध अल्कोहोल साधारण ६१ ग्रॅम भरतं. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेण्याला भारी पिणं म्हणते, आणि ते महिन्यातून एकदा घडलं तरी नोंद घेते. माझं रोज घडत होतं आणि मी स्वतःला "सोशल ड्रिंकर" म्हणायचो. बरं, त्यात सोसायटी कुठली? बाल्कनीत मी आणि मोबाईल.

"पण मला चढत नाही" हा पुढचा युक्तिवाद. तो मला सगळ्यात आवडायचा. शरीर सवयीने शिकतं, तेवढ्याच दारूत जीभ अडखळत नाही, पाय डगमगत नाहीत. पण रक्तातलं अल्कोहोल तेवढंच असतं, यकृतावरचं ओझं तेवढंच असतं, आणि यकृत बराच काळ काही बोलत नाही. न चढणं ही ताकद नाही, ते आजाराचं लक्षण आहे. मोटार वाहन कायदाही "तुला किती चढली?" असं विचारत नाही, १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा. आणि २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दारूच्या आहारी गेलेल्यांचे पाच गट पाडले, त्यातल्या एका गटाला त्यांनी "फंक्शनल" असंच नाव दिलं. मध्यमवयीन, शिकलेले, स्थिर नोकरी आणि संसार असलेले. आहारी गेलेल्यांपैकी साधारण १९ टक्के. म्हणजे ज्या शब्दाआड मी लपत होतो, तो आजाराच्या यादीतलाच एक प्रकार निघाला.

हे सगळं गुगलवर पडलेलं होतं. मला सापडलं का नाही? कारण शोधणारी बुद्धी दुसऱ्याच्या नोकरीत होती. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, प्यायला परवाना लागतो, म्हणूनच बारला आपण परमिट रूम म्हणतो. तशी एक परमिट रूम माझ्या डोक्यात होती आणि बुद्धी तिथे बसून परवाने लिहायची. आज रिलीज झालं म्हणून. आज रिलीज पुढे ढकललं म्हणून. आज एकादशी होती, काल घेतली नाही, म्हणून आज. बुद्धी जितकी हुशार, तितकं परवान्यावरचं अक्षर सुंदर.

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' आठवा. १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर ते रंगभूमीवर आलं आणि बालगंधर्वांनी सिंधू केली. त्यातला शेवटचा सुधाकर सगळ्यांच्या लक्षात राहतो, उद्ध्वस्त झालेला. म्हणून आपल्या डोक्यात दारुडा म्हणजे तो. आणि आपण तसे नाही, म्हणजे आपण दारुडे नाही. पण सुधाकर सुरुवातीला कोण आहे? नावाजलेला, तल्लख वकील. अपमानाचं शल्य विसरायला त्याच्या हातात प्याला देतो तो त्याचाच कारकून, तळीराम. शिवाय नाटकात पिणाऱ्यांचं एक आर्य मदिरा मंडळ आहे, तिथे पिण्याच्या बाजूने काय एकेक मुद्दे मांडले जातात! लहानपणी गॅदरिंगला तो प्रवेश पाहून आम्ही हसलो होतो. मोठेपणी मी त्या मंडळाचा बिनफीचा सभासद झालो. उद्ध्वस्त सुधाकर आपल्याला घाबरवतो, पण तोच आपल्याला दिलासाही देतो, की "मी अजून तिथे नाही." आमच्या जाफराबादला स्टँडजवळ कोणीतरी पडलेलं असायचं आणि त्याच्याकडे बघून अख्खं गाव स्वतःला चांगलं समजायचं. मीही.

आता दुसरी गोष्ट. चालू होतं ते कोण चालवत होतं?

तीन वर्षांपूर्वी अंगारकीला मी घरी गेलो होतो. आमच्या भागातून राजूरच्या गणपतीला लोक पायी जातात, लहानपणी अण्णांबरोबर मीही जायचो. या वेळी दोन रात्री मुक्काम होता. अण्णा माळकरी, घरात दारूचं नाव नाही. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही, अंथरूण घामाने भिजलं. मला वाटलं ताप आहे. सकाळी आईने चहा दिला, तर कप बशीवर वाजायला लागला. मी दुसऱ्या हाताने बशी धरली. दोन्ही वाजायला लागल्या.

अण्णा समोर बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तुला आधी रात्री नऊ-साडेनऊला फोन करत होतो. आता साडेसातलाच करतो. कामून करतो, सांग बरं?"

मी म्हणालो, "तुम्ही लवकर झोपता ना आता."

"मी दहालाच झोपतो," अण्णा म्हणाले. "नऊनंतर तू एकच गोष्ट तीनदा सांगतो. फोन ठेवला की तुझी माय रडती. म्हणून साडेसात."

एवढंच. नंतर ते उठून देवपूजेला गेले.

मंडळी, मला वाटत होतं कोणालाच माहीत नाहीये. अण्णांना माहीत होतं, आणि त्यांनी मला न बोलता स्वतःची वेळ बदलली होती. परत पुण्याला येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, आणखी कोणी कोणी वेळ बदललीय?

बायकोला विचारलं. ती आधी म्हणाली, "जाऊ द्या ना." मी म्हणालो, "नाही, लिहूनच दे." तिने दोन दिवस घेतले आणि वहीची दोन पानं भरून दिली. त्यातलं थोडंच सांगतो. रात्रीच्या कार्यक्रमाहून परत यायला लागतं म्हणून ती गाडी शिकली, आवड म्हणून नाही. लेकीची गोष्ट ऐकायची वेळ तिने नऊवरून आठवर आणली. माहेरच्यांना ती जेवायला फक्त रविवारी दुपारी बोलावते. सकाळी उठल्यावर आधी माझा फोन बघते, रात्री कुठल्या ग्रुपवर मी काही लिहून तर ठेवलं नाही ना. लेकीला शाळेतून "माझे बाबा" निबंध आला होता, त्यातलं एक वाक्य तिने खोडायला लावलं. ते वाक्य कुठलं, हे तिने अजून मला सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

अख्ख्या घराचं घड्याळ माझ्या पहिल्या पेगभोवती लावलेलं होतं. माझ्यावरचा लोड कमी झाला नव्हता, तो दुसऱ्या मशीनवर टाकला गेला होता, आणि माझ्या डॅशबोर्डवर ती मशीन दिसतच नव्हती. हाय-फंक्शनिंग मी नव्हतोच. हाय-फंक्शनिंग ती होती, माय होती, अण्णा होते, आणि आठ वाजताच गोष्ट मागायला शिकलेली सहा वर्षांची पोर होती.

इथे आजच्या श्लोकांकडे परत या. भगवंत तीन दाखले देतात. धुराने अग्नी झाकतो, धुळीने आरसा झाकतो, वारेने गर्भ झाकलेला असतो. मला त्यातला आरसा माझा वाटतो. धुळीने माखलेला आरसा फुटलेला नसतो. भिंतीवर सरळ टांगलेला असतो, चौकट शाबूत असते. घरी आलेल्याला वाटतं, आरसा आहे. फक्त तोंड दिसत नाही. आणि आरशाला स्वतःवरची धूळ दिसत नाही, ती पुसायला समोर कोणीतरी उभं राहावं लागतं.

महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायकांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली निवडली तर दुकान बंद. मला या पद्धतीत एक मोठं शहाणपण दिसतं. दारूने नुकसान होतंय का, हे पिणाऱ्याला विचारत नाहीत. ज्यांच्या स्वयंपाकघरात ते नुकसान येऊन पडतं, त्यांना विचारतात. माझ्या घरी हे मतदान कधीच झालं असतं, निकालही लागला असता. मी पेटीच ठेवली नव्हती.

कोणी म्हणेल, मर्यादेत पिणारेही असतात, सगळ्यांना एकाच मापाने का मोजता? बरोबर. महिन्यातून एकदा मित्राच्या लग्नात घेणारा आणि मी एक नव्हे, आणि मी इथे कोणाचा न्याय करायला बसलेलो नाही. पण आपण मर्यादेत आहोत की नाही, हे ठरवायला आपलीच बुद्धी बसवू नका. ज्याच्याविरुद्ध खटला आहे, त्यालाच न्यायाधीश करता येत नाही.

मग करायचं काय? पुढे भगवंत जे सांगतात, ते मला फार व्यवहारी वाटतं. शत्रू तिन्ही ठिकाणी आहे, तरी आधी इंद्रियांपासून सुरुवात कर, म्हणतात. आधी बुद्धीला पटवून घे आणि मग थांब, असं म्हणत नाहीत. मी चार वर्षं पटवून घेण्याची वाट बघत होतो. शेवटी जे उपयोगी पडलं ते अगदी साधं होतं. ऑफिसातून येण्याचा रस्ता बदलला, कारण जुन्या रस्त्यावर वाईन शॉप होतं. यूपीआयचे सगळे मेसेज बायकोच्या फोनवर सुरू केले. संध्याकाळी सात ते नऊ लेकीला घेऊन खाली बागेत.

पण त्याहीआधी डॉक्टर. हे नीट वाचा. जो रोज भरपूर पितो, त्याने एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नये. माझा हात नुसता थरथरला. काहींना फिट येते, भ्रम होतात, जिवावरही बेततं. संकल्प देवासमोर करा, पण औषध डॉक्टरांकडून घ्या, यात श्रद्धा कमी होत नाही. पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलेलं. तिथे व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गटही आहे, कारण ती दोन पानांची वही प्रत्येक घरात असते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी सभा असतात, पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही. १९३५ मध्ये ज्या दोघांनी ती सुरू केली, त्यातले एक तर शल्यचिकित्सक होते, दारूच्या दिवसांतही ज्यांची प्रॅक्टिस चालू होती. त्यांचंही "सगळं नीट चाललं" होतं. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, आणि मन फार खचलं असेल तर टेलिमानस १४४१६.

मी पहिल्या वर्षी दोनदा घसरलो. दुसऱ्यांदा घसरलो तेव्हा गुरुपौर्णिमेचं चिंतन लिहून झालं होतं. तुमच्यापैकी दोघांनी त्या दिवशी लिहिलं होतं की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं, शब्दही शास्त्राचेच होते, पण मला आज त्याची माफी मागायचीय. कारण यातली सगळ्यात बारीक धूळ ही आहे. माझा नित्यपाठसुद्धा हेल्थ चेक होऊन बसला होता. पहाटे श्लोक वाचला ना? डॅशबोर्ड हिरवा. चुकत नसलेल्या पाठाचाच मी परवाना केला होता, रात्रीच्या बाटलीसाठी. आपण भक्त मंडळींनी इथे जास्त सावध राहायला हवं. तुमची बाटली दारूची नसेलही. कोणाची रात्री दोनपर्यंतच्या ट्रेडिंगची असेल, कोणाची घरच्यांवरच्या रागाची. आपला पाठ चुकत नाही म्हणून ती आपल्याला दिसत नाही.

आज साडेएकोणीस महिने झाले. मी "सुटलो" असं म्हणत नाही, आजचा दिवस गेला एवढंच म्हणतो. अण्णांना मी सांगितलं होतं, आता कधीही फोन करा. तरी ते बरेच दिवस साडेसातलाच करत राहिले. भरवसा परत यायला आपल्यापेक्षा समोरच्याला जास्त वेळ लागतो, आणि तो त्यांचा हक्क आहे. मागच्या कार्तिकी एकादशीला पहिल्यांदा रात्री नऊ चाळीसला फोन वाजला. उचलला.

"जेवला का रे?" अण्णांनी विचारलं.

आजचा संकल्प : आज घरातल्या एका माणसाला विचारा, "माझ्या कुठल्या सवयीमुळे तुम्ही तुमची वेळ बदललीय?" उत्तर ऐकताना मध्ये बोलायचं नाही. एवढीच आजची साधना.

उद्या श्लोक ४२ आणि ४३, बुद्धीच्याही पलीकडे कोण आहे ते.

राम कृष्ण हरी.